नंबर लागेपर्यंत: इंजिनिअरिंगच्या कॅप सेवेचं खान्देशातून केलेलं परीक्षण

राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष इंजिनिअरिंगसाठी जी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राबवतो, तिला आपल्याकडे सगळे नुसतं ‘कॅप’ म्हणतात. सरकारी असली तरी ती सेवाच आहे. तिचं शुल्क भरावं लागतं, तिच्या मुदती पाळाव्या लागतात आणि घरातल्या एका लेकराची पुढची चार वर्षं तिच्यावर ठरतात. ठिबकचा संच घेताना आपण दहा जणांना विचारतो, तेवढी विचारपूस हिचीही व्हायला हवी. आमचं मत आधीच सांगतो. जागा वाटण्याच्या कामात ही सेवा चोख आहे, पाचपैकी साडेचार. कागद तपासण्यात मध्यम, तीन. अर्ज भरल्यापासून यादी लागेपर्यंत माणसाला काय चाललंय ते सांगण्यात मात्र ती फार कमी पडते, तिथे दोनच्या वर गुण देता येत नाहीत.

खान्देशातल्या मुलांसाठी हिचं मोल कशात आहे, ते आधी पाहू. पुण्याचं सीओईपी (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे) १८५४ साली सुरू झालं आणि २०२२ च्या कायद्याने स्वतंत्र सार्वजनिक तंत्रज्ञान विद्यापीठ झालं. त्याच्या आणि मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजाच्या राज्याच्या वाट्याच्या जागा राज्यपातळीवर भरतात. तिथे धडगावचं पोर आणि पुण्यातल्या कोथरूडचं पोर एकाच यादीत उभं असतं. कोणाची ओळख, कोणाची चिठ्ठी चालत नाही. सॉफ्टवेअर गुणवत्ता क्रमांकाने एकेकाला घेतं, त्याची पहिली पसंती बघतं, तिथे त्याच्या गटातली जागा शिल्लक असेल तर देतं, नसेल तर दुसऱ्या पसंतीकडे जातं. एवढं साधं आहे ते. ‘पैसे देऊन सीओईपीला नंबर लावून देतो’ म्हणणारा माणूस भेटला, तर तो खोटं बोलतोय असं डोळे मिटून समजा.

मग इतकी धाकधूक का? कारण सगळा खेळ दशांशांत आहे. या प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा, एमएचटी-सीईटी, २०० गुणांची असते. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे, चुकलं तर गुण कापत नाहीत. परीक्षा बऱ्याच सत्रांत होते, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल (शंभरात किती मुलं आपल्या बरोबरीची किंवा मागे) देतात, तोही दशांशाच्या सात स्थळांपर्यंत. २०२५ मध्ये पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाची परीक्षा चार लाखांहून जास्त मुलांनी दिली. म्हणजे ०.१ पर्सेंटाइलच्या पट्ट्यात चारशेहून जास्त मुलं बसतात. सीओईपीची कॉम्प्युटर शाखा खुल्या गटात ९९.९ च्या पुढे बंद होते. ९९.८ मिळालेल्या मुलाला शेजारचे ‘एवढ्याशा फरकाने काय होतंय’ म्हणतात, पण त्या एवढ्याशा फरकात चारशे जण उभे असतात. पर्सेंटाइल सारखा आला तर आधी गणिताचा बघतात, मग भौतिकचा, मग रसायनचा. म्हणून निकालपत्रावरचा गणिताचा आकडा वेगळा लिहून ठेवा.

कागद: खरी गडबड इथेच होते

वाट बघताना लोक कटऑफची काळजी करतात. आमच्या मते काळजी कागदांची करावी, कारण कटऑफ आपल्या हातात नाही आणि कागद आहेत. अधिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीने मिळतो, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर (घर उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) प्रांतांच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीने. रावेर, यावलचं प्रकरण फैजपूर प्रांताकडे जातं, तळोदा, शहाद्याला प्रांताची स्वतंत्र कार्यालयं आहेत. सेवा हक्क कायद्याखाली अधिवास आणि उत्पन्नाला १५ दिवस, नॉन-क्रिमीलेअरला २१ दिवस ठरवून दिलेत. बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रापुढे अख्खा तालुका उभा राहतो आणि तेच दिवस पेरणीचेही असतात. जूनमध्ये अर्ज टाकला तर २१ दिवस मोजून बघा, थेट कॅप नोंदणीच्या शेवटच्या तारखेवर येऊन आदळतात.

नॉन-क्रिमीलेअर हातात आलं की त्यावरची ‘पर्यंत वैध’ तारीख वाचा. प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते चालायला हवं. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंतची वैधता लागत होती. जानेवारीत काढून निर्धास्त बसलेल्या घरांत हीच तारीख मागाहून रडवते. शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न नॉन-क्रिमीलेअरच्या आठ लाखांत धरत नाहीत, ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल गटाच्या) आठ लाखांत मात्र सगळं धरतात. दोन्हींचा आकडा एकच असल्याने लोक गफलत करतात. ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यातलाच हवा. एनआयटीसाठी काढलेला केंद्राच्या नमुन्यातला इथे चालत नाही, त्यामुळे दोन्हीकडे अर्ज असेल तर दोन्ही काढून ठेवा.

जात वैधतेचा, म्हणजे जातीचा दाखला खरा ठरवणाऱ्या प्रमाणपत्राचा, अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाकायला हवा. बारावीच्या निकालानंतर टाकला तर त्या वर्षी फक्त पावतीवर भागवावं लागतं. पावती चालते, पण तिचा क्रमांक आणि तारीख अर्जात बिनचूक लिहावी लागते आणि दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर तुम्ही खुल्या गटात ढकलले जाता. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी मुलांना ही वैधता सगळ्यात जास्त छळते. पुरावे आजोबा-पणजोबांचे लागतात, शाळेत गेलेलं घरात पहिलंच माणूस वडील असतं.

आणि आडनाव. खान्देशातला हा खास प्रश्न आहे, पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकांना तो समजतच नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘पाटील’, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘पवार’, आजोबांच्या नोंदीत नुसतं नाव आणि पुढे काहीच नाही. मानाचं पाटील आणि कुळाचं आडनाव अशी सरमिसळ गावोगावी आहे. तपासणारा माणूस दुसऱ्या विभागातला असेल तर त्याला ही दोन वेगळी माणसं वाटतात. नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच करून स्कॅन ठेवा. अर्जातलं नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच टाका, आधार कार्डाप्रमाणे नाही.

सुरतला राहणारी खान्देशी घरं ही आणखी एक गोष्ट. उधना, लिंबायतमध्ये वाढलेलं, तिथेच दहावी-बारावी झालेलं मूल ‘आपण महाराष्ट्राबाहेरचे’ समजून अर्जच करत नाही. दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि जन्म किंवा अधिवास इथला असेल तर उमेदवारीचा प्रकार ‘ए’ होतो. तसं नसलं तरी मुलाचा स्वतःचा, किंवा वडिलांचा नाहीतर आईचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असेल, तर तो ‘बी’ प्रकारात बसतो. बापाने गाव सोडलं, पण शेत, मतदान इथेच आहे, असा अधिवासाचा दाखला काढून आणायला चार दिवस खर्च झाले तरी चालतील.

घरी बसून तपासणी, की केंद्रावर जाऊन?

अर्ज भरताना दोन पर्याय विचारतात. एक ई-स्क्रूटिनी: कागद अपलोड करायचे, कुठल्यातरी सुविधा केंद्रातला अधिकारी ते संगणकावर तपासतो. दुसरा प्रत्यक्ष सुविधा केंद्रावर जाऊन. सुविधा केंद्रं बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांतच असतात. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरकडच्यांना ती जवळ पडतात. धडगाव, अक्कलकुव्याच्या मुलाला शहादा किंवा नंदुरबारला उतरावं लागतं, त्यात एक दिवस आणि बापाची मजुरी जाते.

कागद सरळ असतील, कुठेही नावात फरक नसेल, तर ई-स्क्रूटिनी घ्या. ती उत्तम चालते. पावती हवी तर प्रिंट, नाहीतर मोबाइलमध्ये. पण वैधतेची पावती, आडनावाचा घोळ, ‘बी’ प्रकार, माजी सैनिक किंवा दिव्यांग गट यापैकी काहीही असेल, तर आमचा सल्ला ठाम आहे: केंद्रावर जा. समोर बसलेल्या माणसाला मूळ कागद दाखवता येतो. ई-स्क्रूटिनीत त्याने एक ओळीचा इंग्रजी शेरा मारून अर्ज परत पाठवला की तुम्ही दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा, मग तो पुन्हा रांगेत. ही रांग किती लांब आहे, आपला अर्ज कितवा आहे, हे पोर्टल सांगत नाही. सेवेतली ही आमच्या मते मोठी उणीव आहे. बँकेत टोकन मिळतं, इथे तेवढंही नाही. अर्ज परत आलाय हे कळायला रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

स्कॅनबद्दल थोडं. मोबाइलने फोटो काढताना दाखल्याचा खालचा कोपरा, जिथे बारकोड आणि सहीचं टिकमार्क असतं, तो कापला जातो. अर्ज परत येण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. आपले सरकारवरून उतरवलेली मूळ पीडीएफ असेल तर तीच चढवा, तिचा फोटो काढत बसू नका.

आता ज्यावर आमचा सगळ्यात जास्त जोर आहे ती गोष्ट. नोंदणीत जो मोबाइल क्रमांक टाकाल, त्यावर पुढचे दोन महिने ओटीपी येणार. गावाकडे अर्ज सायबर कॅफेत भरला जातो आणि घाईत कॅफेवाला स्वतःचा क्रमांक किंवा स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. मग पुढे ऑप्शन फॉर्म (कॉलेज आणि शाखांच्या पसंतीची यादी) कन्फर्म करायचा, जागा स्वीकारायची, तर प्रत्येक वेळी त्याच्या दुकानासमोर उभं राहायचं. रविवारी दुकान बंद. दुसरा प्रकार: क्रमांक वडिलांचा, वडील कपाशीत निंदायला गेलेत आणि फोन घरी चार्जिंगला, किंवा फोन खिशात आहे पण शेतात रेंज नाही. ओटीपी आला आणि वेळ संपला. मुलाचं स्वतःचं सिम आणि स्वतःचा ईमेल, दोन्ही नोंदणीच्या आदल्या दिवशी तयार ठेवा. पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कॅफेच्या संगणकात साठवू नका. काम झालं की लॉगआउट केलं का ते स्वतः बघा.

तात्पुरती यादी लागली, आता काय बघायचं

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की सगळे फक्त क्रमांक बघतात आणि स्टेटस ठेवतात. क्रमांकाच्या बाजूचे रकाने जास्त महत्त्वाचे आहेत. उमेदवारीचा प्रकार, होम युनिव्हर्सिटी, जातीचा गट, ईडब्ल्यूएस, टीएफडब्ल्यूएस, माजी सैनिक, दिव्यांग, एकेक तपासा. टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या ५ टक्के वाढीव जागा, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुठल्याही जातीच्या मुलाला. अर्जात त्यापुढे ‘होय’ करायचं राहून गेलं असेल तर इथेच लक्षात येतं. यादीनंतर तक्रार नोंदवायला थोडे दिवस मिळतात, लॉगिनमधूनच. अंतिम यादी लागल्यावर मात्र ‘साहेब, चूक झाली’ म्हणायला जागा उरत नाही.

होम युनिव्हर्सिटीबद्दल खान्देशातल्या पालकांनी नीट समजून घ्यावं असं बरंच आहे. विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांत राज्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात येतात. नाशिक आपल्याला जवळचं, आपल्याच महसूल विभागाचं, पण ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. म्हणून नाशिकच्या कॉलेजात आपलं पोर ‘बाहेरचं’ ठरतं आणि त्याला ३० टक्क्यांतच जागा शोधावी लागते. ‘ए’ प्रकारात होम युनिव्हर्सिटी बारावी जिथून झाली त्यावर ठरते. अकरावी-बारावीला लातूरला घातलेल्या चोपड्याच्या मुलाची होम युनिव्हर्सिटी जळगाव राहत नाही. सीओईपी, व्हीजेटीआयला याने फरक पडत नाही, पण खालच्या पर्यायांना पडतो आणि खालचे पर्यायच बहुतेकांच्या नशिबी येतात.

कटऑफची पीडीएफ वाचताना

कटऑफचा तक्ता पहिल्यांदा बघितला तर डोळे फिरतात. एका रकान्यावर जीओपीईएनएस (GOPENS) लिहिलेलं, खाली एक आकडा, त्याखाली कंसात दुसरा. वरचा आकडा गुणवत्ता क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल. पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वांसाठी, ‘एल’ म्हणजे मुलींच्या ३० टक्के जागा. मधली अक्षरं गट सांगतात. शेवटचं ‘एच’ म्हणजे होम, ‘ओ’ म्हणजे बाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यपातळी. मुलीने दोन्ही रकाने बघायचे, कारण तिचा हक्क दोन्हींवर आहे. राखीव गटातल्या मुलाने आपल्या रकान्यासोबत खुलाही बघायचा. कॉलेजच्या कोडचा मुख्य आकडा ५ ने सुरू होत असेल तर ते नाशिक विभागातलं, त्यात आपलं खान्देश आलं. सीओईपीचा ६००६, व्हीजेटीआयचा ३०१२.

अखिल भारतीय जागांची पीडीएफ वेगळी असते आणि तिच्यातले पर्सेंटाइल जेईई मेनचे असतात. तो आकडा कमी दिसतो म्हणून ‘अरे, सीओईपी एवढ्यावर मिळतंय’ असं वाटून मुलं हवेत जातात. सीईटीच्या आकड्याशी त्याची तुलना करूच नका.

अंदाज बांधताना आम्ही पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांकावर जास्त विश्वास ठेवतो. जागा ठरावीक असतात, त्या ठरावीक क्रमांकाच्या आसपास भरतात. परीक्षा देणारी मुलं वाढली की तोच क्रमांक जास्त पर्सेंटाइलवर जातो. गेल्या वर्षीचा पर्सेंटाइल धरून ‘यंदा लागेल’ म्हणणाऱ्यांचा अंदाज इथेच चुकतो. जागावाटप फेऱ्यांनी होतं, म्हणून पहिल्या फेरीचा कटऑफ आणि शेवटच्या फेरीचा कटऑफ दोन्ही उघडून ठेवा. त्यांच्यातलं अंतर म्हणजे तुमच्या आशेला असलेली जागा. सीओईपीच्या कॉम्प्युटरला ते अंतर अगदी थोडं असतं, सिव्हिल, मेटलर्जीकडे जरा जास्त.

ऑप्शन फॉर्म: सगळी करामत इथे

फॉर्ममध्ये जास्तीत जास्त ३०० पर्याय देता येतात. कितीतरी मुलं १५ देऊन थांबतात आणि मग जागा न मिळाल्याचं खापर यंत्रणेवर फोडतात. जास्त पर्याय दिल्याने वरच्या पर्यायाची संधी कमी होत नाही, हे नीट डोक्यात बसू द्या. सॉफ्टवेअर वरून खाली येतं आणि जिथे बसता तिथे थांबतं. त्यामुळे ‘मला तिथे मिळणार नाही, मग वर कशाला टाकू’ हा विचार चुकीचा. मिळणार नसेल तर त्या ओळीचा काहीच तोटा नाही. कॉलेज आणि शाखा खऱ्या इच्छेच्या क्रमाने लावा, कटऑफच्या उतरत्या क्रमाने नको.

पण २०२५-२६ पासून या सल्ल्याला एक काटा लागला आहे. फेऱ्या आता चार असतात आणि ऑटो-फ्रीझचा, म्हणजे जागा आपोआप पक्की होण्याचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती गोठते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही मिळाली तरी गोठते. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. गोठली म्हणजे तोच प्रवेश घ्यायचा, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. म्हणून पहिल्या सहा ओळींत ‘मिळालं तर आनंदाने जाईन’ अशीच नावं हवीत. मित्राने सांगितलं म्हणून दुसऱ्या क्रमांकावर टाकलेली शाखा दुसऱ्या फेरीत गळ्यात पडते आणि तिसऱ्या फेरीत हवी ती शाखा उघडलेली नुसती बघत बसावं लागतं. सगळ्यात वरच्या सहांत सीओईपी, व्हीजेटीआय अशा अवघड जागा आणि सातव्यापासून मिळण्यासारख्या जागा, अशी रचना केली तर हात मोकळे राहतात. प्रत्येक फेरीआधी फॉर्म नव्याने लावता येतो, तो लावायचा कंटाळा करू नका.

रात्री अकराला एकदम ३०० ओळी भरायला बसू नका. आधी कागदावर कोडसहित यादी करा. शाखेचा कोड लांबलचक असतो, एक आकडा चुकला की कॉम्प्युटरऐवजी भलतीच शाखा. टीएफडब्ल्यूएसचा पर्याय वेगळ्या कोडने भरावा लागतो, नेहमीचा कोड टाकून तो आपोआप लागत नाही. त्याच कॉलेजाचा टीएफडब्ल्यूएस कोड वर आणि साधा खाली, असं लावा, कारण शाखा तीच आणि शुल्कात लाखांचा फरक. भरून झालं की कन्फर्म करा आणि पीडीएफ उतरवा. नुसतं ‘सेव्ह’ केलेला फॉर्म वाटपात धरत नाहीत. वीज जायच्या आत, मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी हे काम संपवा. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल चिकटून चालतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडची लाईट कधी जाईल याचा नेम नाही.

फॉर्म दुसऱ्याच्या हातात देऊ नका, मग तो ओळखीचा शिक्षक असो की कुठल्या कॉलेजाचा ‘मदत करायला’ आलेला माणूस. त्याचं कॉलेज तुमच्या पहिल्या सहांत जाऊन बसलं तर नवा नियम तुम्हाला तिथेच बांधून टाकतो.

वाटपाच्या दिवशी

यादी म्हणतात त्या वेळेला क्वचितच लागते. दुपारची संध्याकाळ होते, संध्याकाळची रात्र. वेळापत्रकही मधेच बदलतं, सूचना संकेतस्थळावर येते, घरी फोन येत नाही. दर दोन मिनिटांनी पान ताजं करून काही होत नाही. दोन तासांनी एकदा बघा, मध्ये जेवा. वाटप एकदाच, सगळ्यांचं एकत्र होतं, आधी बघणाऱ्याला जास्त चांगली जागा मिळते असं काही नसतं.

जागा मिळाली आणि ती गोठलेली नसेल, तर दोन रस्ते. फ्रीझ केलं की विषय संपला. बेटरमेंट घेतलं तर हातातली जागा राहते आणि पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली तर जुनी आपोआप सुटते, पुन्हा मागता येत नाही. दोन्हीसाठी जागा स्वीकारायची आणि १००० रुपये स्वीकृती शुल्क भरायचं. हे शुल्क भरायचं राहिलं आणि मुदत टळली तर मिळालेली जागा गेली. बापाच्या खात्यात पैसे आहेत पण यूपीआय नाही, अशा घरांनी याची सोय आधीच करावी. ‘पैसे कापले, पावती नाही’ असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. काही तास थांबा, लॉगिनमध्ये व्यवहाराची स्थिती बघा.

पुण्याला नंबर लागला तर संस्थेत स्वतः जाऊन मूळ कागद दाखवावे लागतात आणि त्याला दिवस मोजकेच मिळतात. जळगाव, भुसावळहून महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, पण ऐन वेळी आरक्षण मिळत नाही. यादीच्या तारखेच्या पुढच्या दोन दिवसांचं तिकीट आधीच काढून ठेवणारी घरं शहाणी, रद्द करावं लागलं तरी चालेल. कॉलेजातून शाळा सोडल्याचा दाखला आधीच काढून ठेवा. त्यासाठी एक दिवस मागे फिरून येणं खान्देशातून परवडत नाही. मूळ कागद, दोन-दोन झेरॉक्सचे संच, वाटपाचं पत्र, अर्जाची पावती, स्वीकृतीची पावती, फोटो. एका फाईलमध्ये, लॅमिनेट न केलेलं.

मुलींच्या घरांसाठी एक गोष्ट आवर्जून. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. ‘कशाला चौथ्या फेरीपर्यंत थांबायचं, संस्थेत पैसे भरून टाकू’ असा सल्ला कोणी दिला तर त्या पैशांत ही माफी गेली, हे आधी मोजा. प्रवेश घेतल्यावर ठरलेल्या मुदतीत रद्द केला तर १००० रुपये कापून बाकीचं शुल्क परत मिळतं. ती तारीख संस्थेच्या फलकावर नाही, कॅपच्या वेळापत्रकात छापलेली असते.